एकविसावा मायक्रोस्कोप

मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. मित्रांनो, मला भंगार म्हणा, मी ऐकून घेईन. पण मला दिसत नाही असे म्हणाल, तर आज मी गप्प बसणार नाही. मला बोलायची सवय नाही, तेव्हा चुकलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म अंबाल्याचा. पितळी नळी, जड लोखंडी पाय आणि खाली गोल आरसा. खिडकीचा उजेड आरशावर घेतला की माझे काम सुरू. मलकापूर स्टेशनावर पेटीतून उतरलो आणि मोताळ्याजवळच्या एका महाविद्यालयात, वनस्पतिशास्त्राच्या टेबलावर आलो. प्रयोगशाळेचे परिचर पुंजाजी तेव्हा अगदी तरुण होते. घरच्या कापसातली सरकी आणि कचरा वेचून काढायचे आणि त्या मऊ कापसाने माझी भिंगे पुसायचे. याच्यासारखी नजर दुसऱ्या कोणाची नाही, असे ते नव्या मुलांना सांगत. ते खरे असावे असे मला फार वाटे. खात्री मात्र कधी वाटली नाही.

अकरा वर्षांपूर्वी गोपाल नावाचा विद्यार्थी सत्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला माझ्यापुढे बसला. कांद्याचा पापुद्रा बघायचा होता. पापुद्र्यावरची पातळ काच तिरपी धरून हळूच टेकवायची असते. गोपालने ती धपकन ठेवली आणि आत हवा अडकली. मी त्याला हवेचा बुडबुडा दाखवला. जाड काळ्या काठाचा, तीन पेशींवर पसरलेला. त्याने तो सुबक रेखाटला, बाण काढला आणि शेजारी लिहिले, 'रिक्तिका'. रिक्तिका म्हणजे पेशीच्या आतली रसाची पिशवी. ती तीन पेशींवर कशी पसरेल? पण चित्र देखणे होते. त्यावर सही मिळाली.

इथे कॉलेज उघडायच्या आधीच मुले वरच्या वर्गाची जर्नल मिळवून ठेवतात आणि आकृत्या त्यातूनच उतरवतात. गोपालची जर्नल पुढच्या वर्गाने उतरवली, त्यांची त्याच्या पुढच्यांनी. अकरा वर्षे तो बुडबुडा फुटलाच नाही. मला खरे ठाऊक होते. पण एवढी शिकलेली माणसे सही करतात, तेव्हा दोष माझ्याच भिंगात असेल, असे मी मनाला सांगत राहिलो. याची मला आजही लाज वाटते.

मग विजेच्या दिव्याचे वीस मायक्रोस्कोप आले. मी कपाटावर गेलो. माझ्या नळीत कोळ्याने घर केले आणि भंगाराच्या यादीत माझा क्रमांक लागला.

यंदा सत्र सुरू झाले तेव्हा गोपालच इथे सर होऊन आला होता. तुकडीत वीस मुले, यंत्रे वीस. त्यात रोहिणखेडची अलीजा प्रवेशाला उशीर होऊन एकविसावी आली. यंत्र नाही तर जागा नाही, बुलडाण्याच्या कॉलेजात बघ, असे सर म्हणाले. घरचे तिला रोज तेवढ्या लांब पाठवणार नव्हते. म्हणजे शिक्षणच संपले. पण ती दारातून हलली नाही. पुंजाजींनी मला खाली काढले, पुसले आणि खिडकीशी ठेवले. सर म्हणाले, "याच्यात दिसलं तर ते जागा तुही. नाई दिसलं तर हा भंगारात."

शेजारचा फहीम हसला. "अलीजा, त्या बुढ्यालेच आता चष्मा लागते."

"लागू दे. तू तुह्या जर्नलीतून पाहून राह्यला, मायक्रोस्कोपातून नाई," ती म्हणाली.

तिने काच हळूच टेकवली. माझा आरसा फिरवून उजेड धरला. मग तासभर तिचा डोळा माझ्यावरून हलला नाही. तिने विटांच्या भिंतीसारख्या पेशी काढल्या, कडेला सरकलेले केंद्रक काढले आणि पेन्सिल खाली ठेवली.

सरांनी पान पाहिले. "रिक्तिका कुठं हाय? सगळ्यायले दिसली, तुलेच काऊन नाई? भिंग गेलं याचं." त्यांनी पुंजाजींना मला उचलायची खूण केली.

मित्रांनो, त्या क्षणी माझी जुनी शंका पुन्हा वर आली. खरेच गेले असेल का भिंग? पण अलीजाने माझ्या पायावर हात ठेवला.

"सर, दिसलं ते काढलं. नाई दिसलं ते कसं काढू? तुमी सोता पाहा. मंग फहीमच्या मायक्रोस्कोपात पाहा. त्याच्यातबी नसन."

पुंजाजींनी मला उचलले नाही. हाताची घडी घालून ते उभे राहिले.

सर वाकले. पाहिजे तेवढे पाहा, मी मनात म्हणालो. आता मी मान खाली घालणार नाही. त्यांनी माझ्यातून पाहिले, मग फहीमच्या यंत्रातून, मग आणखी चारांतून. परत येऊन त्यांनी फहीमच्या जर्नलीतल्या 'रिक्तिके'च्या जाड काळ्या काठावरून बोट फिरवले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा बुडबुडा माहा हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "अकरा वर्षं झाली."

"मंग आतातरी फोडा सर," पुंजाजी म्हणाले.

वीस जर्नलींवर खोडरबर फिरले. फहीम सगळ्यांत जास्त कुरकुरला. सरांनी अलीजाच्या पानावर सही केली, हजेरीत तिचे नाव एकविसावे लिहिले आणि भंगाराच्या यादीतून माझे खोडले.

मित्रांनो, माझी काच मऊ कापसाने पुसा, धूळ बसू देऊ नका, एवढे तर मी मागेनच. पण त्याहून मोठे मागणे आहे. नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी मागच्या वर्षीची जर्नल दप्तरातच ठेवा आणि आधी डोळा लावा. दिसेल तेच काढा. त्या पानावर सही मिळो, न मिळो.