सहा मीटरचा पाया

भावाने आपल्या टेपचे टोक पिवळ्या खुंटीत अडकवले आणि तो मागे मागे सरकत गेला. सकाळी बहिणीने हीच जागा मोजून खुंट्या ठोकल्या होत्या. आता ती शेडच्या दारात उभी राहून पाहत होती. त्याने आकडा वाचला, डोळे बारीक करून पुन्हा वाचला.

"सहा मीटर."

"मी तेच सांगितलं होतं, दादा."

"सांगायला काय जातंय."

होड्या दुरुस्त करायच्या त्याच्या शेडचा समुद्राकडचा अर्धा भाग खुंट्यांच्या पलीकडे गेला होता. पूर अडवायच्या भिंतीचा आराखडा बहिणीच्या खात्याचा. संमतीपत्रावर सही घ्यायला खात्याने मुद्दाम तिलाच धाडले, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"भिंत छातीएवढी आणि पाया सहा मीटर? वर हत्ती चढवणार आहात?"

"पुढे वाढवता यावी म्हणून. शतक संपेपर्यंत समुद्र अर्धा मीटर चढेल, कदाचित सव्वा. कमी चढला तर एवढीच पुरेल. जास्त चढला तर याच पायावर उंच करायची."

"म्हणजे समुद्राचं नक्की नाही, माझी शेड जाणार हे मात्र नक्की."

त्याने किनाऱ्यावर पुढे असलेल्या हॉटेलकडे हात केला.

"आणि हॉटेलपुढे पाया किती?"

"तीन मीटर." उत्तर द्यायला तिला क्षणभर उशीर झाला, आणि तो त्याने बरोबर टिपला. "तिथे खाली खडक आहे."

"असणारच. हॉटेलवाल्यांना खडक, आम्हाला चिखल."

त्याने पहार उचलली आणि तो तरातरा किनाऱ्याने निघाला. ती मागोमाग. हॉटेलसमोर त्याने पहार वाळूत खुपसली. हातभर जाऊन ती खणकन थांबली. दहा पावलांवर पुन्हा तेच. आणखी पुढे, पुन्हा तेच. परत आल्यावर शेडमागे मात्र पहार पार मुठीपर्यंत आत गेली. त्याने ती उपसून बाजूला ठेवली. पण संमतीपत्राला त्याने हात लावला नाही.

वहिनी पाणी घेऊन आली.

"बहीण आहे तुमची, चोर नाही."

"बहीण घरात. इथे ती खात्याची बाई." त्याने पेन बहिणीपुढे धरले. "जुनी भिंत बांधली तेव्हा बाबांना खात्याच्या साहेबाने लिहून दिलं होतं, पन्नास वर्षं भिंतीला काही होत नाही. अकराव्या वर्षी घरात कंबरभर पाणी. आता तू लिही, ही किती वर्षं पुरेल. तुझ्या अक्षरात, सहीनिशी."

"मला असं लिहून देता येत नाही, दादा."

"बघ, लगेच अंग काढून घेतलंस."

तिने संमतीपत्र उलटे करून गुडघ्यावर ठेवले. समुद्र किती चढेल त्यानुसार भिंत कधीपर्यंत पुरेल, याची आराखड्यात तीन वेगवेगळी वर्षे होती. त्यांतले कुठलेही लिहिले असते तरी खोटे ठरवायला दोघांपैकी कुणी उरले नसते. पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिले. मग तिने भरभर लिहिले आणि कागद त्याच्या हाती दिला.

'माहीत नाही.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख.

त्याने ते ओठ हलवत वाचले.

"तुझ्या साहेबांनी हे पाहिलं तर?"

"भडकतील."

तो कागदाकडे बघत राहिला. मग त्याने तो नीट घडी घालून खिशात ठेवला आणि शेडच्या समुद्राकडच्या भागातल्या लांब लाकडी बाकाशी जाऊन वाकला.

"ते टोक धर," तो म्हणाला. "खुंट्यांच्या अलीकडे घेऊ. जड आहे, पाय सांभाळ."