सतराव्या घरापासून झऱ्यापर्यंत

विद्यार्थी पाठीमागे आपल्याला ‘तळटीप’ म्हणतात, हे प्राध्यापकांना ठाऊक होते. त्यांना त्याचे वाईट वाटत नसे. तळटीप पानाच्या पायाशी असली तरी पान उभे असते ते तिच्याच जिवावर, असे त्यांचे मत होते आणि कोणी विचारले नाही तरी ते सांगत. पण त्या दुपारी चौथा मजला चढून आपल्या खोलीत येईपर्यंत मत सांगण्याइतकाही जीव त्यांच्यात उरला नव्हता. सकाळचे दोन तास, पंचावन्न उत्तरपत्रिका, आणि वर कडी म्हणून जिन्यात गाठ पडलेल्या विभागप्रमुख बाई.

‘सर, उद्याच्या बैठकीचं तुमचं टिपण अजून आलं नाही,’ बाई म्हणाल्या होत्या. एके काळी त्या त्यांच्याच विद्यार्थिनी होत्या, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात आदर आणि चेष्टा यांची सरमिसळ असे. ‘तुमच्या खोऱ्याच्या विषयाला यंदा विद्यार्थी किती? एक! अहो, आंतरराष्ट्रीय विकास शिकायला येणाऱ्या मुलांना आता सगळं जग एकदम हवं असतं. एका खोऱ्यात कोण उतरणार?’

‘सगळं जग म्हणजे कुठलंच गाव नाही.’

‘वाक्य झकास आहे. पण बैठकीत वाक्यांवर भागत नाही, पुरावा लागतो. तुमचं ते सतरा नंबरचं घर घाला त्यात. तेवढ्यावर दोन वर्षं निघतील.’

दोन वर्षे म्हणजे त्यांच्या निवृत्तीपर्यंतची. हिशेब बाईंनी दयेनेच केला होता आणि म्हणूनच तो अधिक लागला.

सव्वीस वर्षांपूर्वी सीमेपलीकडच्या त्या डोंगरी खोऱ्यात त्यांनी चाळीस घरांची पाहणी केली होती. सतराव्या घरातली बाई पाण्यासाठी रोज सहा तास चालते, अशी नोंद त्यांनी केली. त्या नोंदीवर त्यांचा ग्रंथ, ग्रंथावर हा अभ्यासक्रम आणि अभ्यासक्रमावर ते स्वतः, अशी ती उतरंड होती.

टिपणाला बसतात न बसतात तोच विषय घेतलेली ती एकुलती एक मुलगी दाराशी आली. ती मूळची त्या खोऱ्यातलीच, शिष्यवृत्तीवर इथे आलेली. तीच चाळीस घरे पुन्हा पाहून लघुप्रबंध लिहायचा, असे तिने ठरवले होते.

‘ये, बस. झालं लिहून?’

‘झालं, सर. फक्त सतरावं घर राहिलंय.’

‘का? गेली नाहीस?’

‘गेले होते. ते माझ्या मावशीचं घर आहे.’

सरांनी चष्मा काढला. ‘दोन वर्षं माझ्यासमोर बसतेस आणि हे आज सांगतेस?’

‘पुस्तकात नुसता नंबर आहे, सर. आमच्याकडे घरांना कुठं नंबर असतात? तुमची जुनी यादी घेऊन गेले, तेव्हा कळलं.’ मग ती म्हणाली, ‘झरा मावशीच्या घरामागेच होता. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी गावातल्या मोठ्यांनी तिला सांगितलं, पाणी लांब आहे म्हण, म्हणजे नळ येईल.’

‘सगळ्यांनाच तसं सांगितलं?’

‘नाही. वरच्या अंगाच्या घरांना पाणी खरंच लांब होतं. पण मावशी बोलायला धीट, म्हणून तुम्हाला तिच्याकडे नेऊन बसवलं. नळ आला, सर. त्या पाण्यामुळंच माझी शाळा झाली, असं आई म्हणते. मावशी म्हणते, माणूस भला होता, पण बिचाऱ्याला चालवत नव्हतं.’

सरांनी चष्मा पुन्हा चढवला.

‘ते घर गाळू का?’ मुलीने हळूच विचारले. ‘एकोणचाळीस घरंही पुष्कळ झाली. कोणी विचारणार नाही.’

नुसते ‘हो’ म्हणायचे होते. एवढ्या थकव्यात एवढा सोपा शब्द दुसरा नव्हता. त्यांनी स्वतःशी वादही घातला: वरच्या घरांचे दुःख खरे होते, सिद्धान्त मोडत नव्हता, पाणी तर आलेच होते. वाद बिनतोड होता. पण असाच बिनतोड वाद एखाद्या विद्यार्थ्याने मांडला असता तर समासात आपण काय लिहिले असते, हे त्यांना पुरते ठाऊक होते: ‘पडताळले कोणी?’

ते उठले आणि कपाटातून पिवळा पडलेला कागद काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवला. शेवटच्या रकान्यात छापले होते, ‘अंतर स्वतः चालून पडताळले’, आणि समोर ‘होय’वर ठसठशीत खूण.

‘ही खूण माझी. मावशीच्या माथी सगळं मारू नकोस. तिनं लांब सांगितलं. चाललो, असं मी लिहिलं. पाय सोलवटले होते, तिनं सावलीत बसवलं आणि मी बसलो. हे प्रबंधात लिही. तळटीपेत नको, मजकुरात.’

‘सर, उद्या बैठक आहे ना?’

‘ती माझी काळजी. झरा तू स्वतः पाहिलास?’

‘चालून मोजला. चारशे बारा पावलं.’

‘भरल्या बादलीनं की मोकळ्या हातानं?’

ती ओशाळली. ‘मोकळ्या हातानं.’

‘मग सुट्टीत परत जा. जाताना रिकामी, येताना भरलेली. चढ किती तेही लिही.’

‘मावशी हसेल मला.’

‘हसू दे.’

ती गेल्यावर त्यांनी टिपण लिहिले. ते पाच ओळींचे झाले. इथूनच संगणकावरून धाडता आले असते. पण ते कठडा धरून चार मजले उतरले. बाईंनी उभ्याउभ्या वाचले आणि पुन्हा वाचले.

‘सर, यानं विषय बंदच होईल.’

‘होईल. त्या मुलीचं वर्ष तेवढं पूर्ण होऊ द्या.’

‘ते बघते मी,’ बाई म्हणाल्या. या खेपेला आवाजात चेष्टा नव्हती. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. ‘बसा तरी जरा. चार मजले उतरून आलात.’

‘नको,’ सर म्हणाले. ‘बसलो, तिथंच घोटाळा झाला.’

आणि ते सावकाश दाराकडे वळले.