आवाज जात नाही

अक्कलकुव्याच्या श्रेणिकला कंपन्यांच्या फोनचा भारी तिटकारा. लोकांनी मिळून बनवलेल्या लिनक्स सिस्टिम तो आपल्या ओपन सोर्स फोनवर मेमरी कार्डं बदलून-बदलून चालवायचा आणि काय चालतं, काय अडतं ते बनवणाऱ्यांना कळवायचा. साधा दुसरा फोन जवळ ठेव म्हटलं, की भडकायचा.

संवत्सरीच्या सकाळी, जैन माणूस वर्षभराची क्षमा मागतो त्याच दिवशी, त्याने नव्या सिस्टिमचं कार्ड घातलं. तेवढ्यात सुरतेच्या दवाखान्यातून थोरल्या भावाचा, अभिनंदनचा फोन आला. सहा वर्षं दोघांत अबोला होता.

"श्रेणिक, मला ऑपरेशनला नेतायत. मिच्छामि दुक्कडम. माफ कर मला."

"भाईसा, चूक माझीच होती!" श्रेणिक ओरडला. पलीकडे काहीच पोचलं नाही.

"बोल ना रे." अभिनंदन बराच वेळ थांबला. "बरं," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

जुनं कार्ड घालून फोन सुरू व्हायला चार मिनिटं गेली. त्याने उलट फोन लावला, तो एकताभाभीने उचलला. "आत नेलं त्यांना. म्हणाले, त्याने माफ नाही केलं."

अभिनंदन जिवंत बाहेर आला नाही.

आठ दिवसांनी श्रेणिकने बनवणाऱ्यांना कळवलं, "फोन येतो. समोरचा प्रत्येक शब्द ऐकू येतो. आपला एकही जात नाही."