आधीपासून असलेली खूण

“सदर प्रोग्रॅम वापरकर्त्याच्या स्पष्ट व स्वेच्छेने दिलेल्या संमतीनेच बसविण्यात आला असून, संमतिदर्शक चौकटीत वापरकर्त्याने सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी स्वतः खूण केल्याची नोंद आमच्याकडे उपलब्ध आहे.”

कंपनीचे हे उत्तर साळसूद आहे, व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि माझ्या थोरल्या बहिणीला वेडी ठरवायला पुरेसे आहे. म्हणून ते शब्दशः तपासणे भाग पडले.

‘स्पष्ट’पासून सुरुवात करू. ज्या कराराला संमती दिली असे म्हणतात तो एकतीस पानांचा आहे. कंपनीच्याच नोंदीप्रमाणे करार उघडणे, वाचणे आणि मान्य करणे हे सारे नऊ सेकंदांत उरकले. अक्काने चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली. एका पानाला तिला सहा मिनिटे लागतात, आणि मग ती ते पान पुन्हा वाचते. एकतीस पाने नऊ सेकंदांत वाचणारा वाचक कंपनीला खरोखर सापडला असेल, तर त्याची वर्दी एखाद्या विद्यापीठाला द्यायला हवी होती.

‘स्वेच्छेने’ची गत याहून बरी नाही. अक्काला एका ग्रंथाची सुटी पाने एका फाइलीत जोडायची होती, तेवढ्यापुरते एक फुकटचे साधन तिने उतरवून घेतले. त्याच्यासोबत शोध घेणारा एक मदतनीस आला, हवामान सांगणारी एक पट्टी आली, आणि संगणकाचा वेग वाढवतो म्हणणारा एक प्रोग्रॅम आला, जो आल्या दिवसापासून संगणक रांगू लागला. पाहुणा एक बोलवावा आणि त्याच्यामागून तिघांनी घरात शिरून कपाटे उघडावीत, यातली यजमानाची इच्छा मला शोधूनही सापडली नाही.

राहता राहिले ‘स्वतः खूण केल्याची’. ते मला मोडता येईना, आणि सारे घर त्याच तीन शब्दांवर अडून बसले होते.

अक्का निवृत्तीनंतर ग्रंथांच्या शेवटी येणाऱ्या सूची तयार करते. या वेळी पुलांच्या इतिहासावरचा नऊशे पानांचा ग्रंथ तिच्या हाती होता. काम ‘द’पर्यंत आले आणि पडद्यावर तिने न उघडलेल्या खिडक्या उघडू लागल्या. एखाद्या अभियंत्याचे नाव शोधावे तर चपलांची दुकाने समोर यायची. नेहमीचे शोधपान जाऊन भलतेच बसायचे. दर वेळी ती एका चिठ्ठीवर तारीख घालून लिही: ‘हे मी उघडले नाही.’ अशा अकरा चिठ्ठ्या झाल्या. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, विमा कचेरीत दाव्यांचे कागद तपासतो. त्याला त्या चिठ्ठ्यांत संगणकाचा नव्हे, आईचा आजार दिसला. स्मरणशक्तीच्या तपासणीची वेळ त्याने घेऊन ठेवली. प्रकाशकाला सूचीचे काम परत करणारे माफीपत्रही टंकून टेबलावर ठेवले. फक्त सही बाकी होती.

“आई, कंपनीकडे वेळेसकट नोंद आहे,” तो म्हणाला.

“वेळ त्यांची असेल. खूण माझी नाही.”

“तुला आठवत नाहीये, एवढंच.”

अक्काने माझ्याकडे पाहिले. “पंडिता, याला सांग. तू तर खोटे दस्तऐवज ओळखून म्हातारा झालास.”

मी सांगितले. भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही तिचे भाऊ आहात. पुरावा द्या, मी गप्प बसतो.” बोलणे उद्धट होते आणि बरोबर होते.

म्हणून संगणक दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना बोलावले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी काढली. “अँटीव्हायरस यांना ‘संभाव्य नकोसे’ म्हणतो,” त्या म्हणाल्या.

“संभाव्य कशाला?” अक्का म्हणाली. “मला विचारलं असतं तर खात्रीनं सांगितलं असतं.”

बाईंनी तिन्ही काढले, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. मदतनीस जागेवर हजर. “चिवट आहे. जाताना मागे परत येण्याचं वेळापत्रक ठेवून गेलाय. आणि दर मंगळवारी ताजा होऊन येतो म्हणे.” त्यांनी तेही पुसले आणि सहज विचारले, “मंगळवारी जास्त त्रास व्हायचा का हो?”

अक्काने चिठ्ठ्यांची गड्डी पुढे केली. भाच्याने भिंतीवरच्या कॅलेंडरशी तारखा ताडून पाहिल्या. अकरापैकी नऊ मंगळवारच्या होत्या. तो म्हणाला, “चिठ्ठ्या खऱ्या. पण खुणेचं काय?”

बाईंनी आपला लॅपटॉप उघडला आणि तेच फुकटचे साधन त्याच ठिकाणाहून उतरवले. दुसऱ्या पानावर ‘पुढे’ असे मोठे हिरवे बटण होते. त्याखाली, भिंग लागावे अशा अक्षरांत, मदतनिसाबद्दल एक ओळ आणि एक चौकट होती. चौकटीत खूण आधीच केलेली होती. बाईंचा हात अजून माउसला लागलाही नव्हता.

अक्का वाकून पाहत होती. “ही. ही तेव्हाही होती. मी पाहिली होती.”

“पाहिलीस?” भाचा म्हणाला. “मग काढली का नाहीस?”

“दुसऱ्याच्या हातची खूण पुसतात का कधी? आमच्या छापखान्यात ज्यानं केली त्यानंच काढायची. त्याला काहीतरी दिसलेलं असतं, म्हणून तो करतो. मला वाटलं, कुणीतरी तपासून ठेवलंय.”

बाई चष्मा पुसू लागल्या. चाळीस वर्षांच्या इमानदारीचा इतका नेमका उपयोग दुसऱ्या कुणी करून घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

भाचा मात्र कागद तपासणारा माणूस. “हे आजचं झालं. तेव्हा चौकट रिकामी होती असं ते म्हणतील. त्यांच्याकडून लेखी आणा.”

मी कंपनीला एकच प्रश्न पाठवला: आपल्या नोंदीतील दिवशी, पान वापरकर्त्यासमोर प्रथम आले तेव्हा चौकटीत खूण होती की नव्हती, आणि असल्यास ती कोणी केली? पहिले उत्तर आभाराचे आले, दुसरे सहकार्याबद्दलच्या आभाराचे. तिसरे तीन आठवड्यांनी आले. ते मी भाच्याच्या हाती दिले.

त्याने ते मनात वाचले. मग टेबलावरचे माफीपत्र उचलून फाडायला घेतले.

“कागद फुकट घालवू नकोस,” अक्का म्हणाली. तिने ते त्याच्या हातून घेतले, उलटे केले, आणि कोऱ्या पाठीवर ‘ध’ लिहून खाली रेघ ओढली. “आता मोठ्यानं वाच. छापखान्यात वाचायचे तसं, विरामचिन्हांसकट. एक शब्द गाळलास तर परत वाचायला लावीन.”

भाचा सरळ उभा राहिला. त्याने घसा साफ केला आणि वाचले:

“आपण नमूद केलेल्या दिवशी सदर चौकटीतील खूण, स्वल्पविराम, पान प्रथम उघडताना, स्वल्पविराम, आमच्याकडूनच आधी केलेली होती, अर्धविराम, वापरकर्त्याने ती काढली नाही, स्वल्पविराम, यालाच आम्ही वापरकर्त्याने स्वतः खूण केली असे म्हणतो, पूर्णविराम.”