ताराचा नंबर आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी कमांड आहे. मला ना रंग, ना रूप, ना चित्र. काळ्या पडद्यावर मला टाइप करा, एंटर दाबा, की मी कामाला लागते. नटव्या बटणांसारखं मला डोळे मिचकावता येत नाहीत. पण सांगितलेलं काम मी चोख करते, आणि तेवढंही आजकाल कुणाला जमत नाही.

आधी माझं काम ऐका, नाहीतर म्हणाल, म्हातारी नुसती बढाया मारते. सॉफ्टवेअर कितीही शहाण्यानं लिहो, त्यात एखादं भोक राहतंच. नव्या पोत्याचीसुद्धा शिवण कुठेतरी उसवलेली असतेच की! त्या भोकातून चोर शिरतो. म्हणून प्रत्येक भोकाला एक नंबर देतात, साऱ्या जगात एकच. मग जपानचा माणूस आणि नागपूरचा माणूस एकाच भोकाबद्दल बोलतात, गोंधळ होत नाही. भोक सापडलं की नंबर राखून ठेवायचा, बुजवलं की जाहीर करायचा, चुकून घेतला असेल तर रद्द करायचा. ही तिन्ही कामं माझ्याकडे.

मला घडवणारी माणसं देशोदेशीची. त्यांनी एकमेकांची तोंडंही पाहिली नव्हती, पण भांडत-तंडत मला घडवलं. नागपुरात मला हिमानीनं आणलं. इथल्या नंदनवन वस्तीत दुसऱ्या मजल्यावर सुमंत सरांची कंपनी आहे, तिथे ती काम करते. औषधांच्या थंड खोल्या सांभाळायचं सॉफ्टवेअर ते बनवतात. नंबर द्यायचा मान कंपनीला मिळाला, त्या दिवशी सरांनी पेढे वाटले. येईल त्याला माझ्यासमोर उभं करून म्हणायचे, "पाहा, हे आपल्याकडे आहे!" हिमानीनं माझ्या सगळ्या आज्ञा एका कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवल्या. त्या कागदावर सांबारवडीच्या तेलाचा डाग आहे. मी त्यालाच माझं हळदीकुंकू समजते.

पुढे मला कुणी विचारेना. भोकं सापडायची थांबली नव्हती, ती सांगायची सरांना लाज वाटू लागली होती. पेढे खाताना गोड लागतात, कबुली देताना दात आंबतात.

अशात नागपूरला लागून असलेल्या वाडीहून ताराचा फोन आला. तारा नेवारे तिथल्या औषधांच्या गोदामात थंड खोली पाहते, आणि ती खोली सरांच्याच सॉफ्टवेअरवर चालते. तिला आढळलं, की पासवर्ड न टाकता कुठल्याही फोनवरून खोलीचं तापमान बदलता येतं. सांगायची सक्ती नव्हती, तरी तिनं सांगितलं. हिमानीनं त्याच दिवशी माझ्याकडून नंबर राखून घेतला आणि तिला कळवला. आठ दिवसांत भोक बुजवणारं नवं सॉफ्टवेअरही तयार झालं. पण गोदामाचे मालक अडून बसले. "नंबर जाहीर होऊ दे, मग टाकू. चालतं काम काहून थांबवायचं?" आणि इकडे सर म्हणत, "थांबा जरा."

एक दिवस मोठ्या दवाखान्याची माणसं कंपनी पाहायला येणार होती. हिमानी मावसबहिणीच्या लग्नाला भंडाऱ्याला गेलेली. सरांनी माझी यादी उघडली, तर तो एक नंबर लटकलेला. पाहुणे यायच्या आधी आपण पसारा पलंगाखाली ढकलतो ना, तसं त्यांनी केलं. कागदावर बोट ठेवून ठेवून वाचलं आणि नंबर रद्द केला. त्यांना वाटलं, पुसला गेला. अहो, मी फळ्यावरचा खडू आहे का? मी रद्द केलं की साऱ्या जगाला दिसतं: हा नंबर खरा धरू नका. मला उलट बोलता येत असतं, तर त्या दिवशी फार ऐकवलं असतं.

पाहुणे चहा पिऊन गेले. तिसऱ्या दिवशी हिमानी परतली आणि ताराचा फोन आला.

"मॅडम, मालक म्हणून राहिले, नंबर रद्द झाला म्हणजे भोक नव्हतंच. तू खोटारडी, उद्यापासून येऊ नको. माझं जाऊ द्या वं, पण त्या खोलीत लहान लेकरायच्या लसी आहेत. कोणी बाहेरून खोली गरम केली त कोणाले समजन?"

हिमानीनं मला यादी मागितली. मी खरं तेच दाखवलं: रद्द. ती तशीच सरांना बोलावून घेऊन आली.

"सर, हे काय केलं?"

"घरातलं उणं चव्हाट्यावर काहून टाकायचं? भोक तर आपण बुजवलं ना!"

"आपल्या कपाटात बुजवलं, सर. वाडीत उघडंच आहे. आणि चव्हाट्यावर तुम्ही ताराले टाकलं. साऱ्या जगाले सांगितलं, की पोरगी खोटं बोलली."

सर पडद्याकडे वळले. कपाळ पुसत म्हणाले, "परत घेता येतो का गा तो नंबर?" गा आमच्याकडे बाप्याला म्हणतात; गडबडीत पोरीला म्हणाले, यावरूनच त्यांची धांदल ओळखा.

"येतो. बसा इथं. तुमच्याच हातानं करा."

ते बसले. हिमानी सांगत गेली, ते टाइप करत गेले. आधी रद्द मागे घेतलं, मग नंबर जाहीर केला. सोबत भोकाची हकिगत, उपाय, आणि शोधणाऱ्याचं नाव: तारा नेवारे, नागपूर. शेवटचं एंटरही सरांनीच दाबलं.

संध्याकाळच्या आत वाडीत नवं सॉफ्टवेअर बसलं. मालकांनी ताराला परत बोलावलं, आणि तिनं तिच्या नावाची ती ओळ छापून थंड खोलीच्या दारावर चिकटवली. रोज आत जाताना मालकांना ती वाचावी लागते. वाचू देत.

मित्रांनो, मला तेल नको, फडकं नको. आठवड्यातून एकदा माझी यादी उघडा. लटकलेला नंबर म्हणजे कुणाचं तरी दार उघडं राहिलेलं असतं. आणि कुणी तुमचं उणं दाखवलं, तर त्यालाच खोटं पाडू नका. माझ्या कागदावर, 'रद्द'च्या आज्ञेखाली, आता एक ओळ वाढली आहे. अक्षर सरांचं आहे: "आधी ज्यानं सांगितलं, त्याला विचारा."