निळ्या सायकलीचे दहा गिअर

आमच्या फेरारात, इटलीतल्या या सायकलवेड्या शहरात, कुणाची सायकल चोरीला गेली तर लोक हळहळत नाहीत. "कितवी?" एवढंच विचारतात. माझी चौथी होती. बेकरीच्या मागच्या अंगणातून, कुलपासकट गेली. बेकरीतलं माझं काम उजाडायच्या आत सुरू होतं, त्या वेळी बस नसते आणि माझं घर शहराच्या तटाबाहेर. सायकल नसली की नोकरी कशी टिकवायची हाच प्रश्न.

नवी घेणं परवडणारं नव्हतं. रविवारच्या जुन्या बाजारात सवेरिओ नावाचा एक माणूस बसतो. तो मेलेल्यांची घरं रिकामी करून देतो आणि आत सापडेल ते विकतो. झुंबरं, लोखंडी खाटा, शिवणयंत्रं. त्याच्या टेम्पोला टेकून एक जुनी शर्यतीची सायकल उभी होती. निळी, लहान चणीची, माझ्या उंचीला मापून केल्यासारखी. उचलून पाहिली तर एका हातात आली. गिअर मात्र पार गेलेले. मागच्या चक्रांचे दात झिजून टोकदार झाले होते, तारा गंजल्या होत्या आणि चेन दर दोन फेऱ्यांनी उडी मारायची. सवेरिओ म्हणाला की एका म्हाताऱ्याची होती, तो वारला, मुलांना घरात अडगळ नको होती. त्याने किंमत इतकी कमी सांगितली की तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. मी पावती मागितली. मेलेली माणसं पावती देत नाहीत, असं म्हणून तो हसला. मीही हसले आणि पैसे दिले. पुढच्या महिनाभरात मी दिसेल त्याच्यावर संशय घेतला. फक्त या एका माणसाकडे बघून हसले होते.

सगळे गिअर नवे घालायचे तर सायकलीच्या दुप्पट खर्च आला असता. पण आमचं शहर पोळपाटासारखं सपाट आहे, इथे दहा गिअर हवेत कुणाला? मी ठरवलं की गिअर काढूनच टाकायचे. पुढे एक चक्र, मागे एक चक्र, मधे सरळ चेन. विकत घ्यायचं ते मागचं एकेरी दातेरी चक्र, म्हणजे फ्रीव्हील, चेन आणि दोन टायर. बाकी घाम आपला.

त्यासाठी मी जुन्या तबेल्यातल्या दुरुस्तीच्या अड्ड्यावर जायला लागले. शनिवारी दुपारी तो उघडा असतो. हत्यारं सगळ्यांची, मेहनत ज्याची त्याची. लेआर्को नावाचा टपाल खात्यातून निवृत्त झालेला सत्तरीचा गृहस्थ तिथलं सगळं बघतो. बारा महिने डोक्याला लोकरीची टोपी आणि समोरचा माणूस बोलत असताना त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची सवय.

मी माझं नाव सांगितलं, नीवेस. पण सायकल पाहिल्याबरोबर त्याने ती उलटी केली. बॅटरी लावून पायडलच्या खालचा भाग पाहिला, डाव्या बाजूच्या मागच्या नळीवर अंगठा फिरवला. मग विचारलं, "कुठून आणलीस, पोरी?" मी सांगितलं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, जणू पहिलं ऐकलंच नव्हतं. मी निघताना तिसऱ्यांदा. एकच गोष्ट तीनदा विचारणारा माणूस उत्तर शोधत नसतो, आपण कुठे अडखळतो ते बघत असतो, हे मला आमच्या बेकरीच्या मालकाने चांगलं शिकवलं आहे.

त्या पहिल्या शनिवारी आम्ही गिअर उतरवले. तारा, दांडीवरचे खटके, पुढचा आणि मागचा गिअर, सगळं. ते भंगार मी तिथल्या पत्र्याच्या पिंपात टाकणार होते. लेआर्कोने माझ्या हातातून काढून घेतलं, कापडाने पुसलं आणि आपल्या कपाटाच्या खणात ठेवून किल्ली फिरवली. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, असू दे, कुठे जातंय.

मागचं जुनं फ्रीव्हील काही केल्या सुटेना. त्याचा पाना बाकावरच्या शिकंज्यात आवळायचा, वर चाक आडवं बसवायचं आणि गाडीचं स्टिअरिंग फिरवावं तसं दोन्ही हातांनी फिरवायचं. मी लोंबकळले तरी हललं नाही. लेआर्को म्हणाला, तेल सोडून ठेवू, आठवडाभर मुरू दे. सायकल इथेच ठेवून जा. मी नाही म्हटलं. तर म्हणाला, तीन मजले चढवणार का? मी तिसऱ्या मजल्यावर राहते हे मी त्याला कधी सांगितलं होतं, ते मला आठवेना.

मी सायकल घरी नेली. वाटेत एका सायकलच्या दुकानासमोर थांबून ब्रेकच्या रबरांची चौकशी केली. दुकानदार बाहेर आला, फ्रेमभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला की विकायची झाली तर आधी माझ्याकडे ये. अशा फ्रेमा आता कुणी करत नाही, शौकीन लोक वाटेल ते मोजतात. मग मला सगळं लख्ख दिसायला लागलं. लेआर्कोची बॅटरी, खणातले गिअर, "इथेच ठेवून जा". म्हातारा माझ्या फ्रेमवर डोळा ठेवून होता.

घरी स्वयंपाकघरात सीट खाली करायला म्हणून मी सीटची नळी बाहेर काढली. तिच्याबरोबर पिवळ्या पत्र्याची एक पट्टी निघाली. खारवलेल्या माशांच्या डब्याचा पत्रा कापून नळीला गुंडाळला होता. त्यावर माशाची अर्धी शेपटी अजून दिसत होती. नळी बारीक होती, ती फ्रेममध्ये घट्ट बसावी म्हणून कुणीतरी केलेला तो घरगुती उपाय. मी पट्टी होती तशी परत घातली आणि कुणाला काही बोलले नाही. लेआर्कोला तर नाहीच.

पुढच्या शनिवारी फ्रीव्हील सुटलं. पण त्यानंतर लेआर्कोची कारणं सुरू झाली. एका शनिवारी म्हणे एक्सलवरचे वॉशर इकडचे तिकडे करून चाक मधोमध आणायला हवं, नाहीतर चेन तिरकी चालेल. ते मलाही पटत होतं. पण त्यासाठी पूर्ण दुपार? चाकाचे आरे कसायचं साधं काम, तेसुद्धा तो घड्याळाकडे बघत बघत करायचा. पुढच्या शनिवारी चेन तोडायचं हत्यार सापडत नव्हतं. मी स्वतः शोधलं तर ते त्याच्या कोटाखाली, बाकावर होतं. मी ते त्याच्यासमोर धरलं. तो ओशाळला नाही. म्हणाला, "महिनाअखेरीला चढवू चेन. घाई कसली?"

मी म्हटलं, "घाई मला आहे. रोज पहाटे चालत जाते मी. तुम्हाला थांबायचं आहे ते कशासाठी?"

तो हत्यारं पुसायला लागला. मी अड्ड्यावर येणाऱ्या इतर दोघांना विचारून पाहिलं, लेआर्को जुन्या सायकली विकतो का म्हणून. ते हसले. पण हसून काय होतं?

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी चेन चढवायला बसले होते. पुढचं चक्र आणि मागचं चक्र एका रेषेत आहेत का हे एक डोळा मिटून बघत होते, तेवढ्यात एक बाई आत आल्या. पासष्टीच्या, करड्या कोटातल्या, ताठ. त्यांनी लेआर्कोला मान हलवून ओळख दिली आणि सरळ माझ्या सायकलीपाशी येऊन गुडघ्यांवर बसल्या. डाव्या बाजूच्या मागच्या नळीवर त्यांनी अंगठा ठेवला, अगदी लेआर्कोने ठेवला होता तिथेच. तिथे रंगाखाली डाग देऊन जोडल्याचा बारीक उंचवटा आहे.

"माझी आहे," त्या म्हणाल्या.

लेआर्कोने सांगितलं की या योलांदाबाई. तरुणपणी शर्यतीत उतरायच्या, आमच्या भागात बायका तसं करत नसत तेव्हा. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगणातून सायकल गेली आणि त्या ही खूण सांगून इथे विचारायला आल्या होत्या. त्याने पहिल्याच दिवशी ओळखली. पण बाई मुलीकडे दूर त्रिएस्ते शहरात गेल्या होत्या, महिनाअखेरीला येते असं त्यांनी फोनवर सांगितलं आणि आजच परत आल्या.

मी हँडल घट्ट धरलं. मला वाटलं, दोघं एकमेकांना सामील आहेत. खूण लेआर्कोला ठाऊक होती, त्याने सांगितली असणार. आता बाई रडतील, मी पाघळेन आणि सोमवारी माझी फ्रेम त्या दुकानदाराच्या काचेमागे टांगलेली असेल. पण बाई रडल्या नाहीत. मी विचारलं, "तुमची आहे ना, मग या सायकलीबद्दल असं काही सांगा की जे बाहेरून दिसत नाही."

त्यांनी फार विचार केला नाही. "सीटची नळी मूळची नाही. मूळची वाकली तेव्हा माझ्या नवऱ्याने दुसरी घातली, ती बारीक पडली. मग त्याने माशांच्या डब्याचा पत्रा गुंडाळला. पिवळा डबा. मी त्याच्याशी भांडले होते, पावसात गंजेल म्हणून."

लेआर्को म्हणाला, "कसला पत्रा?" त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं. मी पाना घेतला, सीट सैल केली, नळी ओढून काढली आणि पट्टी बाईंच्या हातावर ठेवली. त्या ती बोटांनी सरळ करत राहिल्या. म्हणजे मी चोरीचा माल घेतला होता. चारदा माझी सायकल गेली, चारही वेळा मी चोराला आणि त्याच्याकडून घेणाऱ्याला शिव्या घातल्या होत्या.

पण बाईंचं झालं नव्हतं. पट्टी कोटाच्या खिशात ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता तू सांग. माझ्या अंगणात कशी शिरलीस?"

मी बाजाराचं सांगितलं. त्यांनी लेआर्कोकडे पाहिलं. तो टोपी खाली ओढत म्हणाला, "मी यांना सांगितलं होतं, नीवेस, की तू नेली नसावीस."

"नसावीस?"

"एवढंच सांगता येत होतं. तुला आधीच बोललो असतो तर तू परत आली असतीस का, तेही मला ठाऊक नव्हतं."

मला त्याचा राग आला आणि रागवायला तोंडही नव्हतं, कारण मी त्याला महिनाभर चोर समजत होते. बाई म्हणाल्या की उद्या रविवार आहे, तर बाजारात जाऊ आणि बघू. सायकल तोवर तबेल्यात कुलपात राहील. कुलूप त्यांनी स्वतःचं लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. बाई माझ्याआधीच येऊन उभ्या होत्या. सवेरिओ झुंबर टांगत होता. मला पाहून त्याचा चेहरा किंचितही हलला नाही. माझी सायकल तुझ्याकडे विकायला आली होती का, असं बाईंनी त्याला विचारलं. तो म्हणाला, मी सायकली विकत नाही. मी म्हटलं, मला विकलीत ना महिन्यापूर्वी. त्याने माझ्याकडे अशा कीवेने पाहिलं की क्षणभर मलाच स्वतःचा संशय आला.

"या पोरीला मी आज पहिल्यांदा बघतोय," तो बाईंना म्हणाला. "असल्या पोरी कुणाचंही नाव घेतात."

योलांदाबाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत मला माझा निकाल दिसला. तरी त्या शांतपणे त्याला म्हणाल्या, "ही म्हणते तू हिला निळी सायकल विकलीस. मी काल पाहिली. साधी, बिनगिअरची."

"बिनगिअरची कशाला असेल?" तो झुंबराच्या साखळीकडे बघत म्हणाला. "दहा गिअर होते तिला. हिनेच मोडून खाल्ले असतील." आणि मग त्याचे हात थांबले.

शेजारच्या जुन्या भांड्यांच्या दुकानातली बाई कप पुसायची थांबली. सवेरिओने झुंबर खाली उतरवलं, टेम्पोत टाकलं आणि बाकीचं सामान आवरायला लागला. आम्ही पोलीस चौकीत जाऊन जबाब दिला. तिथल्या माणसाने तो लिहून घेतला खरा, पण नंतर काही झाल्याचं मला माहीत नाही. सवेरिओ त्या बाजारात परत दिसला नाही. दुसऱ्या कुठल्या शहरात बसत असेल. माझे पैसे गेले ते गेले. चौकीच्या पायऱ्या उतरताना बाई म्हणाल्या, "तुला चोर म्हटलं मी." एवढंच. क्षमा मागण्याचा त्यांचा प्रकार असावा. मीही विषय पुढे ताणला नाही.

नंतरच्या शनिवारी आम्ही तिघांनी सायकल सुटी केली. फ्रेम, हँडल, पायडलचा भाग बाईंचा. चाकं पाहून त्या म्हणाल्या, ही माझी नव्हेत, माझी फार चांगली होती, आणि सवयीने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग स्वतःच मान हलवली. म्हणजे चाकं माझ्याकडे राहिली, फ्रीव्हील, चेन आणि टायर तर माझेच होते. लेआर्कोने कपाटाचा खण उघडून जुने गिअर बाईंच्या पुढ्यात ठेवले. मालकाचे म्हणून त्याने ते जपले होते. बाई सगळं पूर्ववत बसवणार होत्या. उठताना त्यांनी गुडघे धरले, तेव्हा आता चालवणार कशी, असं मी विचारलं. "चालवीन, नाहीतर भिंतीवर टांगीन," त्या म्हणाल्या. "माझी आहे."

तबेल्याच्या कोपऱ्यात लोकांनी आणून टाकलेल्या फ्रेमांचा ढीग आहे. लेआर्कोने त्यातून एक तपकिरी, जड, बायकांच्या सायकलीची फ्रेम ओढून काढली. मागच्या चाकाच्या खाचा लांब होत्या, चेन ताणायला चाक मागे सरकवता येत होतं. चाकं बसली. पुढचं चक्र दुसऱ्या मोडक्या सायकलीचं घातलं. या वेळी लेआर्कोने घड्याळाकडे पाहिलं नाही आणि दुपार संपायच्या आत चेन सरळ, बिनआवाज फिरायला लागली.

मी मात्र पायडलवर पाय ठेवला नाही. विचारलं, "ही कुठून आली?"

लेआर्कोने नदीपलीकडच्या एका विधवेचं नाव सांगितलं. तिने नवीन घेतली म्हणून ही आणून दिली होती. मी पत्ता विचारला. तो रागावेल असं वाटलं, पण त्याने पत्ता सांगितला आणि वर रस्ताही समजावला. मी सायकल हातात धरून चालत तिथे गेले. दार उघडणाऱ्या बाईंनी आधी मला, मग सायकलीला नीट पाहिलं. हो, माझीच होती, त्या म्हणाल्या, पण हिला काय झालं, टोपली कुठे गेली? मी म्हटलं, टोपली मला माहीत नाही. त्यांनी मान डोलावली खरी, पण मी कोपरा वळेपर्यंत त्या दारातच उभ्या होत्या.