अर्धा सेंटीमीटर

माणूस सकाळी उंच असतो आणि संध्याकाळपर्यंत थोडा खचतो, हे बापाने कुठेतरी वाचलं होतं. जन्मभर कारखान्यात लेथ मशीनवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी डोळे फोडलेला माणूस तो, त्याला हे घबाडच वाटलं. म्हणून बेसबॉलच्या निवड चाचणीच्या सकाळी त्याने चौदा वर्षांच्या पोराला उभंच राहू दिलं नाही. गादीसकट टेम्पोत घातलं आणि दोन तास आडवंच मैदानापर्यंत नेलं.

"बाबा, कुणी बघितलं तर?"

"बघू दे. उठून बसू नकोस, मणके दबतात."

बाराव्या वर्षी या पोराला मिसरूड फुटलं होतं. संघातली पोरं त्याला 'काका' म्हणायची. त्याने टाकलेला चेंडू समोरच्याला नीट दिसायच्या आत मागे झेलणाऱ्याच्या ग्लोव्हजमध्ये असायचा. बापाने तेव्हा पोराचं कौतुक सांगून सांगून अख्ख्या कारखान्याला वात आणला होता. मग दीड वर्षात बाकीची पोरं ताडमाड वाढली आणि काका होता तिथेच राहिला. मोठ्या गटात आता चेंडू टाकणाऱ्याची एकच जागा रिकामी होती.

उंची भरली एकशे त्रेसष्ट पूर्णांक चार सेंटीमीटर. काल संध्याकाळी घरी एकशे बासष्ट पूर्णांक नऊ होती. बाप मनातल्या मनात हरखला. चेंडूचा वेग मात्र दोन वर्षांपूर्वी होता तेवढाच आला.

प्रशिक्षकांनी बापाला बाजूला घेतलं. त्यांच्या हातात निवडीसाठी गेल्या आठवड्यात काढलेला पोराच्या मनगटाचा एक्स-रे होता.

"हाडांची टोकं जुळलीत. याची वाढ लवकर सुरू झाली आणि लवकर संपली. यात कुणाचीच चूक नाही."

"पण उंची बघितलीत का आजची?"

"आहे ती उंची आम्ही धरत नाही हो. अजून किती वाढायचाय, ते बघतो."

जागा मिळाली एका काटकुळ्या पोराला. त्याचा अजून आवाजही फुटला नव्हता.

परतताना पोरगा पुढच्या सीटवर बसला.

"बाबा, तेव्हा मी खरंच चांगला टाकायचो, का नुसताच मोठा होतो?"

बापालाही मघापासून हाच प्रश्न छळत होता. त्याने आधी पुढचा ट्रक मागे टाकला.

"चांगलाच टाकायचास," तो शेवटी म्हणाला. तोवर पोराने खिडकीकडे तोंड फिरवलं होतं.